दुसरा हात बाकी

तायडे पेंटर येत आहेत हे आधी भिंती सांगायच्या. गल्लीत शिरले की ते उजव्या हाताची बोटं मुडपून प्रत्येक घराची भिंत ठोकत यायचे. टक, टक, टक. आवाज पोकळ आला की थांबायचे, कान लावायचे आणि घरातल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "इथलं पलस्तर सुटून रायलं बरं. मंग म्हनसान पेंटरनं सांगतलं नाई." लोकांना राग यायचा. भिंत ज्याची त्याची. पण पेंटरना अख्ख्या अकोल्याच्या भिंती आपल्या वाटायच्या, आणि पुढे पुढे तर अमेरिकेच्याही.

मी त्यांची शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच आहे. मला चौथीपर्यंत शाळा मिळाली, आणि परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. ते "काय वो वयनी" म्हणायचे आणि मी पदर सावरून आत जायची. असंच पुष्कळ वर्षं चाललं. त्यांची बायको वारली, तेव्हापासून मी सकाळी भाकरी-भाजी अंगणातल्या बुटक्या भिंतीवर झाकून ठेवायला लागले. ते येऊन घेऊन जायचे. ताट परत ठेवताना घासून ठेवायचे. एवढाच आमचा व्यवहार.

सारी उमर त्यांनी भिंती रंगवल्या. दुकानाच्या पाट्या, शाळेतली बाराखडी, बियाण्याच्या जाहिराती, आणि निवडणूक आली की निशाण्या. बार्शीटाकळीला, तेल्हाऱ्याला सायकलवर जायचे, हँडलला डबे टांगून. सगळ्याच पक्षांच्या निशाण्या काढायचे. कोणी टोकलं, की पेंटर, तुम्ही आपल्यातले, त्यांची निशाणी कशी काढता, तर म्हणायचे, "ब्रश भाड्यानं जाते. मत नाई जात."

त्यांचं एक बोलणं सगळ्या वस्तीला पाठ होतं. रंगाचा पहिला हात मारला की भिंत खरी दिसत नाही, खालचे डाग वर येतात, दुसरा हात मारला की मगच रंग बसतो. हे त्यांनी सगळीकडे लावलं होतं. कोणाचं लग्न जमलं की, "पयला हात झाला, दुसरा बाकी हाये." कोणी निवडून आलं की तेच. माझ्या मोठ्या पोराला नोकरी लागली तेव्हाही दारातून हेच म्हणाले. मला वाईट वाटलं होतं. सहा महिन्यांत ती नोकरी गेली.

त्यांना एकच लेक, सुजाता. लहानपणी रविवारी ती बापासोबत सायकलच्या दांडीवर बसून जायची. ते निशाणी काढून पहिला हात मारायचे, वाळला की दुसरा हात सुजाता मारायची. तिचा हात पोचेल तिथपर्यंतच. वरचा दुसरा हात मारायचा पेंटर कंटाळा करायचे. म्हणून त्यांनी रंगवलेली जुनी भिंत खालून ओळखू यायची. कमरेपर्यंत रंग गडद आणि वर फिका. लोक हसायचे. ते म्हणायचे, "खालतं इंजिनेरनं मारलं हाये ते."

आणि ती खरंच इंजिनिअर झाली. अमरावतीला इंदूआत्याकडे, म्हणजे पेंटरच्या बहिणीकडे राहून शिकली, मग पुणे, मग अमेरिका. आई गेली तेव्हा आली होती, पोटुशी होती, आणि चौदा दिवस राहून गेली. नात तिकडेच जन्मली, तिचं नाव मैत्री. त्यानंतर सुजाता आली नाही. पेंटरनी नातीला फोनमध्येच पाहिलं. तिला एकदा समोर बसवून नीट पाहावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ते काही फार मोठं मागणं नव्हतं. पण दर वेळी अमेरिकेत काहीतरी व्हायचं.

पहिल्यांदा तो आजार आला. इकडेही आला, तिकडेही आला, विमानं बंद झाली. आम्ही सगळे घरात. पेंटरना घरात बसवत नव्हतं. अंगणातल्या अंगणात भिंती ठोकत फिरायचे. एक दिवस बुटक्या भिंतीपाशी आले, हातात फोन. "वयनी, हे पाहा."

मी पाहिलं. रस्त्यावर पडलेला एक काळा माणूस आणि त्याच्या मानेवर गुडघा ठेवून बसलेला गोरा पोलीस. मी तोंड फिरवलं. पेंटर मात्र पाहतच होते.

"लोकं उभे हायेत वो. म्हनून रायले, सोड, सोड. दिवसाढवळ्या. अन् त्या पोलिसाचा हात खिशात असल्यावानी पाहा कसा निवांत हाये." मग फोन खिशात घातला, पुन्हा काढला. "मले वाटलं, तिकडं हे नसन."

सुजाता गेली तेव्हा त्यांनी वस्तीभर सांगितलं होतं की माझी पोरगी अशा गावाला गेली जिथे कोणी आडनाव विचारत नाही. आडनाव ऐकून चेहरा बदलणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. रंगवायला बोलवायचे आणि पाणी ओंजळीत वरून ओतायचे. त्या दिवशी त्यांनी सुजाताला फोन लावला आणि विचारलं, "पोरी, तुह्या रंगाले काय म्हनतात तिकडं?"

"ब्राऊन म्हणतात बाबा. तपकिरी."

पेंटरनी बोटांवर रंग मोजले. मग म्हणाले, "लाल, पिवया अन् काया मिळवला का होते. म्हंजे तुह्यात काया हायेच. बाहीर फिरू नोको."

त्याच वर्षी तिकडे निवडणूक झाली. सुजाता न्यू जर्सी नावाच्या राज्यात राहते. पेंटर नवी जर्सी म्हणायचे, आणि गल्लीतल्या बाया म्हणायच्या, गायीचं नाव आहे. एकदा सुजाता सहज बोलली, "आमचं राज्य निळं आहे बाबा, काही काळजी नाही."

झालं. निळं राज्य म्हटल्यावर पेंटरना आणखी काही ऐकायची गरजच राहिली नाही. आमच्या वस्तीत निळा म्हणजे आपला. झेंडा निळा, विहाराचं दार निळं, जयंतीला पोरांच्या कपाळाची पट्टी निळी. पेंटर गल्लीत भिंती न ठोकता आले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "वयनी, ऐकलं काय? माही पोट्टी निया राज्यात रायते. तिथं बी आपले हायेत!"

मलाही ते खरंच वाटलं. मी माझ्या मालकांना सांगितलं. ते तेल्हाऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यांनी तिकडे सांगितलं. काही दिवस आमच्याकडे सगळे समजून होते की अमेरिकेत अर्धा मुलूख आपला आहे. निकालाचा नकाशा फोनवर यायला लागला तेव्हा पेंटर आणि गल्लीतले आठ-दहा जण अंगणात बसून होते. निळं राज्य आलं की टाळ्या. शेवटी निळे जिंकले. पेंटरनी पेढे वाटले.

पेढे खाऊन झाल्यावर सलीमभाईंनी पचका केला. जठारपेठेत त्यांचं रंगाचं दुकान आहे. पेंटरचे जुने मित्र, जन्मभर एकमेकांना टोमणे मारत आलेले. ते म्हणाले, "पेंटर, तुमच्या नियावाल्याइची निशाणी मालूम हाये काय?"

"काय हाये?"

"गधा."

"चाल बे."

"खुदा कसम. अन् लालवाल्याइची हाथी."

पेंटर हसले. मग हसायचे थांबले. हत्ती ही आमच्या लोकांची जुनी निशाणी. त्यांनी किती भिंतींवर काढला असेल याचा हिशेब नाही, हत्ती काढायचा म्हटलं की ते सोंडेपासून सुरू करायचे आणि ब्रश न उचलता शेपटीला आणायचे. त्यांनी लगेच सुजाताला फोन लावला. ती खूप हसली. हो, खरं आहे म्हणाली. आणि निळा म्हणजे आपला निळा नव्हे बाबा, तिथल्या एका पक्षाचा रंग आहे नुसता.

"पन तू मत तर नियालेच टाकलं न?"

"मला मत नाही बाबा. मी कामाच्या परवान्यावर आहे."

"इतले वर्षं रायते अन् मत नाई?"

"नाही."

त्या दिवशी पेंटर भाकरी घ्यायला आले नाहीत. मी ताट तसंच आत आणलं. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी आले तेव्हा म्हणाले, "गाढव त गाढव. ओझं तरी वायते. पन हत्ती त्याइच्याकडे कसा गेला, हे काई समजलं नाई." नंतर पुष्कळ महिने ते मध्येच थांबून हे म्हणायचे. हत्ती त्यांच्या डोक्यातून गेलाच नाही.

मग हरलेल्या पुढाऱ्याची माणसं त्यांच्या राजधानीतल्या मोठ्या पांढऱ्या इमारतीत घुसली, काचा फोडल्या. आम्ही सगळ्यांनी ते फोनवर पाहिलं. सलीमभाई म्हणाले, "काय फरक रायला, पेंटर? आपल्यावानीच हाये." पेंटरचं लक्ष वेगळीकडेच. दोराला धरून भिंतीवर चढणाऱ्या माणसांचे बूट ते पाहत होते. "भिंत पाहा न. इतली मोठी भिंत पांढरी ठेवाची म्हंजे काय गंमत हाये? पाय देऊन रायले तिच्यावर." आणि जरा वेळाने, "हा मानूस वापस येते. लिहून ठेव. हा त पयला हात हाये."

त्याच सुमाराला त्यांचे डोळे बिघडायला लागले. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते ताटावरून. ताटावरची डाळ घासायची राहायची, मधोमध. कडा लख्ख. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला, तो परत यायचा नाही. समोरचं दिसणार नाही, कडेचं दिसेल. म्हणून पेंटर कोणाला पाहायचं असलं की तोंड बाजूला फिरवायचे. बोलायचे माझ्याशी आणि पाहायचे लिंबाच्या झाडाकडे. लोकांना वाटायचं हा माणूस ऐकत नाही. मला मात्र ते बरं पडलं. माझ्याकडे कोणी रोखून पाहिलं की माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. ते झाडाकडे पाहत असले की मी बोलू शकायची.

म्हणून पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना फोनवरची अक्षरं दिसेनात. सकाळी भाकरीसोबत पेपर घेऊन भिंतीपाशी उभी राहायची, अलीकडे मी, पलीकडे ते. "अमेरिका कोन्या पानावर हाये पाहा," म्हणायचे. मी बोट ठेवून वाचायची. मोठे शब्द अडायचे. एकदा स्थलांतरित हा शब्द मी तीनदा वाचला तरी नीट येईना.

"स्थलांतरित म्हंजे काय वो?" मीच विचारलं.

"म्हंजे आपली सुजाता," ते झाडाला म्हणाले.

एका सकाळी पहिल्याच पानावर फोटो होता. त्याच हरलेल्या पुढाऱ्यावर प्रचाराच्या सभेत कोणीतरी गोळी झाडली होती, ती कानाला लागून गेली. पेंटर म्हणाले, फोटो सांगा. मी सांगितलं की चेहऱ्यावर रक्त आहे, मूठ वर केली आहे.

"मूठ मधात हाये का कडेले?"

"वर, मधात."

"झेंडा?"

"मुठीच्या वर. आभाळात."

पेंटरनी भिंतीवर बोटं आपटली. "जिकला. असा फोटो गवसला म्हंजे सगळ्या भिंती त्याच्याच." मग म्हणाले, "गोळी मारनं वाईटच. मानूस कोनताबी असो." आणि लगेच अंगणात येरझाऱ्या.

तो जिंकला. ह्या वेळी नकाशा लाल झाला. नवी जर्सी निळी राहिली, पण पेंटरना त्याचं समाधान नव्हतं. सलीमभाईंनी दुकानातून लाल रंगाचा रिकामा डबा आणून त्यांच्या दारात ठेवला, चिडवायला. पेंटरनी तो लाथेने उडवला नाही, उचलून त्यात मोगरा लावला. "दुसरा हात बसला, सलीम," एवढंच म्हणाले.

त्यानंतर रोज काहीतरी. बिनपरवान्याच्या लोकांना धरून साखळ्या घालून विमानात बसवून परत धाडलं, त्यात आपल्या देशाचेही होते. मी ती बातमी वाचली तेव्हा पेंटरनी मला थांबवलं. "बेड्या हातात का पायात?" मी म्हटलं, दोन्हीत. त्या दिवशी त्यांनी सुजाताला विचारून विचारून हैराण केलं. "तुह्याजवळ कागद हायेत न? खिशात ठेवतेस न? भाजी आनाले जाताना बी ठेव." तिच्याजवळ सगळं होतं. पण तीही बाहेर जाताना कागद खिशात ठेवायला लागली, असं नंतर तिनेच सांगितलं.

डोळ्यांचं त्यांनी तिला थोडंसंच सांगितलं होतं. चष्मा बदलायचा आहे, असं. तरी तिला काहीतरी वाटलं असणार, कारण एक दिवस ती म्हणाली, बाबा, मी मैत्रीला घेऊन येते. तिकीट काढलं.

पेंटर पुन्हा पेंटर झाले. सलीमभाईंकडून निळा रंग आणला. सलीमभाई म्हणाले, "माणूस देतो लावायला." पेंटर म्हणाले, "मेलो काय मी?" आणि घराची समोरची सगळी भिंत स्वतः रंगवली. भिंतीकडे पाठ केल्यासारखं वाकडं उभं राहायचे, लिंबाकडे पाहायचे आणि ब्रश मारायचे. जिथे ब्रश टेकतो ती जागा त्यांना दिसत नव्हती. मधे मधे पांढरे ठिपके राहिले. कोणी दाखवले तर म्हणायचे, "पयला हात हाये. दुसरा मालकीन आल्यावर मारते."

ती निघणार त्या सकाळी सगळे पेंटरच्या अंगणात होते, मी बुटक्या भिंतीच्या अलीकडे. फोन माझ्या हातात दिला होता. संदेश आला, मराठीतच होता. मी वाचला: "बाबा, आम्ही उतरलो. नंतर फोन करते."

"उतरली!" पेंटर ओरडले. "मुंबईले उतरली!"

अमेरिकेहून यायला विमानाला किती वेळ लागतो हे आमच्यात कोणालाच नीट माहीत नव्हतं. सलीमभाईंनी जिलबी आणली. इंदूआत्या आदल्या दिवशीच अमरावतीहून आल्या होत्या, त्यांनी औक्षणाचं ताट काढून ठेवलं. पेंटर बाजूला पाहत गल्लीच्या तोंडाकडे उभे, जसं काही मुंबईहून चालतच येणार आहेत.

मग फोन आला. सुजाता रडत होती. ती विमानातून उतरली होती. तिथेच. विमान निघायच्या आधी. रात्री तिकडे एकदम हुकूम निघाला की बाहेरच्या देशातून येणाऱ्या कामगारांसाठी कंपनीला अशी फी भरावी लागेल की कोणतीच कंपनी भरणार नाही, आणि तिच्या ऑफिसने सगळ्यांना कळवलं की बाहेर असाल तर परत या, आत असाल तर निघू नका. विमानात गोंधळ झाला. लोक सामान काढून उतरायला लागले. ती मैत्रीला घेऊन उतरली.

"बाबा, गेले असते तर परत येता आलं नसतं. घर आहे, मैत्रीची शाळा आहे."

"बराबर केलं," पेंटर म्हणाले. "एकदम बराबर. पोट्टी कुठं हाये? तिनं खाल्लं काय?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की तो हुकूम जुन्या लोकांना लागू नाही, नव्यांनाच आहे. मी ते वाचू की नको, असं मला झालं होतं. पण मथळाच मोठा होता. वाचला. पेंटरनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे उतरली नसती त चाललं असतं."

मी पेपराची घडी घातली.

"उतरली," ते म्हणाले. "काय शब्द हाये पाहा." आणि भिंत ठोकत निघून गेले. जिलब्या कोणी खाल्ल्या नाहीत. त्या सलीमभाईंनी वापस नेल्या.

पुढे तिकडचं सरकारच काही दिवस बंद पडलं. पेंटर म्हणाले, आपल्याकडे बाजार बंद राहतो, ह्यांचं सरकारच बंद. तेव्हा हसले ते शेवटचं. मग बातम्या आल्या की परवान्यावर नवा शिक्का मारून घ्यायला जे भारतात आले ते इथेच अडकले, तारखा पुढे गेल्या, नोकऱ्या तिकडे आणि माणसं इकडे. इंदूआत्याने मात्र तेवढ्यात सुजाताला खरं सांगून टाकलं, की तुझ्या बापाला दिसत नाही, तो जिन्यावरून पडता पडता वाचला.

सुजाताने फोन केला, चेहरा दिसतो तो. तो उचलायच्या आधी पेंटरनी मला भिंतीवरून हाक मारून बोलावलं. "वयनी, भिंतीपाशी या. माह्या मांगं नोका उभ्या राहू, तिकडूनच फोनच्या मांगं राहा. सुजाता जे दाखवन ते मले बारीक आवाजात सांगा."

मी म्हटलं, "मले नाई जमत."

"सांगा म्हनलं न. नाई त पोट्टी येऊन बसन इथं सारं सोडून. मंग त्याइचं कसं होईन?"

सुजाता म्हणाली, "बाबा, माझ्याकडे बघा. तुम्ही माझ्याकडे का बघत नाही?"

आता बाजूला पाहिलं असतं तर त्यांना ती थोडीशी तरी दिसली असती. कपाळ, केस, काहीतरी. पण तिला दाखवायला त्यांनी मान सरळ केली आणि डोळे सरळ फोनवर रोखले. म्हणजे ती होती तिथेच त्यांना काही दिसत नव्हतं. "पाहून रायलो न. वजन वाढलं तुह्यं," ते म्हणाले.

"बाबा, खरं सांगा. दिसत नसेल तर मी येते. परवाना गेला तर गेला. नोकरी गेली तर गेली. मैत्रीचे बाबा पण तेच म्हणतात."

"मले सगळं दिसते."

"थांबा." तिने मैत्रीला बोलावलं. पोरीच्या हातात कागद होता. तिने तो फोनपुढे धरला आणि तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "आजोबा, हे काय?"

मी फोनच्या मागून वाकून पाहिलं. माझी जीभ टाळूला चिकटली. पेंटर सरळ पाहत होते, हलत नव्हते. त्यांचा हात भिंतीकडे गेला आणि एकदा ठोकला. टक.

"हत्ती," मी पुटपुटले.

"हत्ती!" पेंटर मोठ्याने म्हणाले.

मैत्री हसली. "कोणता कलर?"

"निया," मी म्हटलं.

पेंटरच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांचा त्यांचा घोळ होता तो. "निया हत्ती!" ते म्हणाले, आणि खरंच आनंदाने म्हणाले, खोटं नाही. "सलीमले सांगा. निया हत्ती काढला माह्या पोट्टीनं. आता झालं बराबर!"

सुजाताने डोळे पुसले. "दिसतं तुम्हाला. आत्या उगीच घाबरवते." आणि मग म्हणाली, "मग सध्या नाही येत बाबा. जरा शांत झालं की येते."

"हौ. शांत झालं का ये."

फोन बंद झाल्यावर त्यांनी मान फिरवली आणि लिंबाकडे पाहत म्हणाले, "सोंड कोनीकडे होती वो?"

"उजवीकडे."

"हां. मी बी तशीच काढतो."

थंडी संपता संपता इंदूआत्या त्यांना अमरावतीला घेऊन गेल्या. एकटं राहणं आता शक्य नव्हतं. निळी भिंत तशीच आहे, ठिपक्यांसकट. सकाळी मी पेपर हातात घेऊन बुटक्या भिंतीपाशी जाते आणि मग आठवतं. तरी अमेरिका कोणत्या पानावर आहे ते पाहते.

माझं माहेर अमरावतीजवळ बडनेऱ्याचं. जयंतीच्या आधी तिकडे गेले होते, तर इंदूआत्यांकडे जाऊन आले. अंगणात पेंटर भिंतीशी वाकडे उभे, बनियनवर निळे शिंतोडे. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "वयनी आल्या काय? चपलीवरून समजलं."

भिंतीवर हत्ती होता. मोठा, माणसाच्या उंचीचा. सोंड जरा जास्त लांब झाली होती आणि मागचा एक पाय पुढच्यापेक्षा बारीक, पण हत्ती होता. निळा. फक्त डोळा नव्हता.

"बाहीरचं सगळं जमते," ते म्हणाले. "कडेकडेनं जातो. डोया बारीक हाये, तो मधात येते. इंदूले म्हनलं त ते म्हनते, बिनडोयाचा राहू दे. तुमी बोट ठेवा."

मी आजवर त्यांच्या अंगणात शिरले नव्हते. अकोल्यालाही आमच्या मध्ये ती बुटकी भिंत असायची. मी जाऊन उभी राहिले आणि जिथे डोळा यायला पाहिजे तिथे बोट टेकवलं. त्यांनी डाव्या हाताने चाचपून माझ्या बोटाचं नख शोधलं, बोट काढा म्हणाले, आणि त्याच जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मग बारीक ब्रशने काळा. एका दमात. माझ्या बोटाला निळा रंग लागला होता.

"कोनीकडे पाहून रायला?"

मी मागे सरकून पाहिलं. "फाटकाकडे."

"बराबर." त्यांनी ब्रश पुसला. डब्याचं झाकण लावलं, त्यावर दगड ठेवला आणि डबा पायरीखाली आत सरकवला, जिथे लहान पोराचा हात पोचेल. मी विचारलं, "झाला काय?"

"पयला हात झाला."

मी रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत मागे पाहत होते. पेंटर अंगणाच्या मधोमध उभे होते, हत्तीकडे पाठ नाही, तोंड नाही, असे तिरके. तोंड रस्त्याकडे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला वाटलं असतं, म्हातारा कोणाची तरी वाट पाहतो आहे. मला माहीत होतं की ते हत्ती पाहत आहेत. मग वाटलं, दोन्ही पाहत असतील.